राग किती आला, हे विचारायचं कसं?

राग मोजण्यासाठी जगात ज्या प्रश्नावल्या वापरतात, त्यांतली एक अगदी आटोपशीर आहे. तिच्यात पाचच प्रश्न असतात. गेल्या चार आठवड्यांत तुम्हाला माणसांचा किंवा परिस्थितीचा राग किती वेळा आला? आला तेव्हा तो किती जोराचा होता? किती वेळ टिकला? ज्याचा राग आला त्याला मारावंसं वाटलं का? आणि त्या रागामुळे लोकांशी जमवून घेणं अवघड गेलं का? प्रत्येक उत्तराला एक ते पाच गुण. बेरीज कमीत कमी ५, जास्तीत जास्त २५. ती १२ किंवा त्याहून जास्त आली, तर या माणसाच्या रागाकडे लक्ष द्यायला हवं असं समजतात. या प्रश्नावलीचं नाव 'डार-५'. मूळ प्रश्न अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रेमंड नोवाको यांनी सत्तरच्या दशकात तयार केले. ते पाचांवर आणून पुन्हा तपासण्याचं काम पुढे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी केलं. ही तपासणी झाली ती कॉलेजातल्या विद्यार्थ्यांवर आणि युद्धावरून परतलेल्या सैनिकांवर.

हेच पाच प्रश्न घेऊन कुणी हर्णैच्या बंदरावर किंवा देवगडच्या एखाद्या वाडीत गेलं, तर मिळालेल्या आकड्याचा अर्थ तोच राहील का? मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्यांना हा प्रश्न गेली कित्येक वर्षं छळतो आहे. तो फक्त संशोधकांपुरता नाही. अशा आकड्यांवरून समुपदेशक कुठे नेमायचे, पैसा कुठे जायचा, कुणाला 'रुग्ण' म्हणायचं हे ठरतं. म्हणून सर्वसामान्य वाचकालाही त्यातली मेख कळायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

राग हिशेबात येतच नाही

युद्ध, दंगल, विस्थापन यांतून गेलेल्या लोकांचं मन मोजायचं म्हटलं, की नैराश्य, चिंता आणि आघातानंतरचा ताण या तीन गोष्टी आधी मोजल्या जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये एक अंदाज प्रसिद्ध केला: संघर्षग्रस्त भागात राहणाऱ्यांपैकी सुमारे २२ टक्के लोकांना कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराचा त्रास असतो. त्यात वरचे तीन आहेत, शिवाय बायपोलर विकार आणि स्किझोफ्रेनिया आहे. राग नाही. काश्मीर खोऱ्यात २०१५ मध्ये डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स या संस्थेने स्थानिक विद्यापीठाला आणि मानसिक आरोग्य संस्थेला सोबत घेऊन मोठं सर्वेक्षण केलं. सुमारे ४५ टक्के प्रौढांमध्ये लक्षणीय मानसिक त्रास दिसला. तिथेही मोजलं होतं ते नैराश्य, चिंता आणि आघातानंतरचा ताण.

रागाकडे वेगळं पाहायला सुरुवात झाली ती पूर्व तिमोरसारख्या ठिकाणी. तिथे १९७५ ते १९९९ इंडोनेशियाचा ताबा होता, आणि १९९९ मध्ये स्वातंत्र्याच्या बाजूने कौल लागला तेव्हा पुन्हा मोठी जाळपोळ आणि हत्या झाल्या. ऑस्ट्रेलियातले मनोविकारतज्ज्ञ डेरिक सिलोव्ह आणि त्यांचे सहकारी तिथे काम करत होते. देश स्वतंत्र झाल्यावर काही वर्षांनी त्यांनी दीड हजारांवर प्रौढांना विचारलं. ३८ टक्के लोकांनी अचानक भडका उडावा असे रागाचे झटके येत असल्याचं सांगितलं. पूर्वी भोगलेला छळ आणि आजची गरिबी या दोन्ही गोष्टी ज्यांच्या वाट्याला आल्या होत्या, त्यांच्यात हे झटके जास्त होते. पुढे सुझन रीस यांनी तिथल्या स्त्रियांचा अभ्यास केला. त्यात छळाच्या आठवणी, घरात चालूच असलेली मारहाण, दारिद्र्य आणि न्याय न मिळाल्याची भावना या सगळ्यांशी रागाचं नातं दिसलं.

यातला घरातल्या मारहाणीचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. नैराश्याचा माणूस आत मिटतो. राग मात्र घरातल्या घरात दुसऱ्यावर निघतो. वीस वर्षांपूर्वीच्या गोळीबाराचा राग आज सात वर्षांच्या पोराच्या पाठीवर उमटू शकतो. राग मोजायचाच नाही असं ठरवलं, तर हे पोर कुठल्याच तक्त्यात येत नाही.

कोकणात तिमोरसारखं काही झालेलं नाही, आणि तशी बरोबरी कुणी करू नये. पण संघर्ष या किनाऱ्याला अनोळखी नाही. जैतापूरच्या अणुप्रकल्पाविरोधात २०११च्या एप्रिलमध्ये नाटे इथे पोलिसांच्या गोळीबारात एकाचा जीव गेला. २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठीच्या माती परीक्षणाला विरोध करणाऱ्या बायाबापड्यांना पोलिसांनी उचलून नेलं. पर्ससीन जाळी आणि एलईडी दिवे लावून होणाऱ्या मासेमारीवरून पारंपरिक मच्छीमार किती वर्षं भांडत आहेत, हे मालवण ते दाभोळ कुणालाही विचारा. गावकीने वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या तक्रारी रायगड-रत्नागिरीतून इतक्या आल्या, की सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. आणि भाऊबंदकी? सातबाऱ्यावर पंचवीस नावं असलेली सामाईक जमीन ज्यांच्या घरी आहे, त्यांना राग म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नाही.

अंगात कुठे येतो राग

पहिली अडचण अशी, की राग सगळीकडे असला तरी तो सांगण्याची रीत सगळीकडे सारखी नसते.

कोरियात 'ह्वाब्योंग' नावाचा त्रास लोकांना परिचित आहे. वर्षानुवर्षं गिळलेल्या रागातून तो होतो असं मानतात. मध्यमवयीन बायकांमध्ये जास्त. छातीत दडपण, अंगात उष्णता चढणं, पोटाच्या वरच्या भागात गोळा असल्यासारखं वाटणं ही त्याची लक्षणं. अशा बाईला 'तुला कुणाला मारावंसं वाटतं का' विचारलं, तर ती नाही म्हणेल, आणि ते खरंही असेल. अमेरिकेत आश्रय घेतलेल्या कंबोडियन लोकांवर डेव्हन हिंटन यांनी बरंच काम केलं आहे. त्यांच्या रुग्णांमध्ये रागाचा झटका आणि घबराटीचा झटका हातात हात घालून येताना दिसले: राग आला की काळीज धडधडायचं, आणि त्या धडधडीचीच भीती वाटायची. पश्चिम पापुआतून पळून आलेल्या निर्वासितांकडे 'साकित हाती' म्हणून एक अवस्था आहे. छळ झाला, दाद लागली नाही, आणि त्याचा सल वर्षानुवर्षं काळजात राहिला, अशी ती. काबूलमध्ये केनेथ मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांच्याच बोलण्यातून एक लक्षणसूची बांधली. २००६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिच्यात 'असबी' आहे, म्हणजे जराशा गोष्टीने भडकणं, आणि 'फिशार' आहे, म्हणजे अंगात दाब चढल्यासारखं किंवा उतरल्यासारखं होणं. बाहेरून नेलेल्या प्रश्नावलीत हे दोन्ही याच रूपात सहसा सापडले नसते.

आता आपल्या किनाऱ्यावर या. डोक्यात तिडीक जाते, अंगाला कंप सुटतो, जेवण जात नाही, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, हे सगळं आपण ऐकतो. त्यापलीकडेही बरंच असतं. भांडी आदळली जातात. सहा सहा महिने अबोला धरला जातो. भावाच्या घरच्या लग्नाचं बोलावणं येऊनही कुणी जात नाही. संतापाने स्वतःच्याच तोंडात मारून घेतलं जातं. ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून, गाऱ्हाणं घालून 'आता तूच काय ते बघ' म्हटलं जातं. यातलं काय दुखणं, काय रीत आणि काय शहाणपण, हे बाहेरच्या माणसाला वरवर पाहून ठरवता येणार नाही. अबोला हे माझ्या मते फार चांगलं उदाहरण आहे. डार-५च्या पाच प्रश्नांत तो कुठेच नाही. दोन भावांमधला बारा वर्षांचा अबोला मात्र दोन्ही घरांची लेकरं, शेतं आणि आजारपणं पोखरत असतो.

समजा एक आशाताई वाडीतल्या एका काकींना विचारते, "काकी, गेल्या म्हयन्यात तुमका राग कितीदा इलो?" काकी म्हणते, "राग येवन करतलंय काय?" आता कागदावर काय लिहायचं? एक? तिने 'राग आला नाही' असं म्हटलेलंच नाही. राग येऊनही उपयोग नाही, असं ती सांगते आहे. या उत्तरात राग आहे, हतबलता आहे, आणि कदाचित समोरच्या मुलीने आणखी खोदू नये अशी इच्छाही आहे. चौकटीत 'एक' लिहून पुढे गेलेली आशाताई काही खोटं लिहीत नाही. तिच्या हातात दिलेल्या कागदावर या उत्तराला जागाच नाही.

आधी ऐकायचं, मग मोजायचं

यावर उपाय निघालेले आहेत, आणि ते फार अवघड नाहीत. त्यांना वेळ लागतो, एवढंच.

रवांडात १९९४च्या नरसंहारानंतर पॉल बोल्टन यांनी एक साधी पद्धत वापरली. प्रश्नावली घेऊन जाण्याआधी त्यांच्या चमूने लोकांना मोकळा प्रश्न विचारला: त्या घटनांनंतर इथल्या लोकांना कोणकोणते त्रास होतात? लोक जे जे म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतलं. कुठली लक्षणं लोक एकत्र सांगतात ते पाहिलं, त्या अवस्थांना लोकांनी दिलेली नावं घेतली, आणि मग बाहेरची प्रश्नावली त्याला कितपत जुळते ते तपासलं. दुसरी गोष्टही त्यांनी केली, आणि ती मला जास्त मोलाची वाटते. 'तुमच्या आयुष्यावर परिणाम झाला का' असं मोघम न विचारता त्यांनी आधी गावातल्या बाईची आणि पुरुषाची रोजची कामं कोणती, याची यादी गावाकडूनच करून घेतली. मग त्यातलं कोणतं काम आता जमत नाही, हे विचारलं.

आपल्याकडे अशी यादी केली तर तीत काय येईल? होडी पाण्यात ढकलायला वेळेवर जाणं. जाळं तुणणं. म्हावऱ्याची पाटी घेऊन बाजारात बसणं आणि गिऱ्हाइकाशी नीट बोलणं. लावणीला शेजाऱ्याच्या शेतात जाणं. वाडीच्या बैठकीला हजर राहणं. शिमग्यात पालखी दारात आली की पुढे होणं. रागामुळे 'लोकांशी जमवून घेता आलं नाही' हा डार-५चा पाचवा प्रश्न इथे खरा कळतो: या वर्षी पालखी आली तेव्हा तुम्ही पुढे झालात का? घरात बसून राहिलात का? का?

भाषांतराचीही एक शिस्त आहे. एकाने इंग्रजीतून मराठीत आणायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते पुन्हा इंग्रजीत न्यायचं, आणि दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून कुठे घसरलं ते पाहायचं. ही रीत १९७०पासून रूढ आहे. ती गरजेची आहे, पण पुरेशी नाही. मुंबई-पुण्यात बसून केलेलं निर्दोष मराठी भाषांतर मालवणी, संगमेश्वरी किंवा दालदी बोलणाऱ्या माणसाला परकं वाटू शकतं. म्हणून पुढची पायरी: प्रश्न विचारून झाल्यावर त्याच माणसाला विचारायचं, 'मी काय विचारलं असं तुम्हाला वाटलं? उत्तर देताना तुमच्या मनात कोणता प्रसंग होता?' या एका पायरीवर जितक्या चुका सापडतात, तितक्या नंतर कितीही गणित केलं तरी सापडत नाहीत.

इथे आपल्याच किनाऱ्यावरच्या एका माणसाचा विचार व्हायला हवा. रत्नागिरीच्या ट्रॉलरवर आणि आंब्याच्या बागांमध्ये नेपाळहून आलेले कितीतरी कामगार आहेत. नेपाळात १९९६ ते २००६ सशस्त्र संघर्ष चालला आणि हजारो माणसं मेली. आज चाळिशीत असलेल्या खलाशाचं पोरवय त्या काळात गेलं. संघर्षग्रस्त समाज शोधायला आपल्याला दूर जायची गरज नाही. तो बागेच्या राखणीच्या खोपीत राहतो. ब्रँडन कोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेपाळात पाहिलं, की त्रास 'मना'चा आहे म्हटलं तर लोक मोकळेपणाने बोलतात. तोच 'दिमागा'चा आहे म्हटलं, की वेड लागल्याचा शिक्का बसेल या भीतीने गप्प होतात. त्या खलाशाला मराठी प्रश्नावली मराठीत वाचून दाखवणं म्हणजे त्याला न विचारल्यासारखंच आहे.

कधी विचारलं, कुणासमोर विचारलं

'गेल्या चार आठवड्यांत' हे शब्द निरुपद्रवी दिसतात. कोकणात त्यांचा अर्थ महिन्यागणिक बदलतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, हातात पैसा नाही, माणसं दिवसभर घरात, बाहेर पावसाची झोड. जुलैत विचारलेला राग आणि हंगाम जोरात असतानाचा ऑक्टोबरातला राग यांची तुलना करायची, तर निदान हा फरक लिहून तरी ठेवला पाहिजे. गणपतीत आणि शिमग्यात चाकरमानी गावी येतात. जमिनीचे जुने तंटे तेव्हाच उकरले जातात आणि कधी कधी तेव्हाच मिटतातही. शिमग्यात बोंब मारायला, मनातलं ओरडून काढायला रीतच मुभा देते. शिमग्यानंतरच्या आठवड्यात 'तुम्ही कुणावर ओरडलात का' या प्रश्नाला आलेलं 'हो' आजाराचं लक्षण नाही.

त्याच बरोबर, सर्वेक्षण फक्त एरवीच्या दिवसांत केलं तर वाडीत सापडतात ती मुख्यतः म्हातारी माणसं आणि बायका. मुंबईला गेलेला तरुण पुरुष त्या आकड्यांत येतच नाही.

कुणासमोर विचारलं, हे त्याहून नाजूक. सासू ओट्यावर बसलेली असताना सून रागाबद्दल काय सांगणार? मारहाण करणारा नवरा आतल्या खोलीत असेल तर तिला हा प्रश्न विचारणंच धोक्याचं आहे. प्रकल्पविरोधी आंदोलनात ज्याच्यावर गुन्हा दाखल झाला आहे, तो अनोळखी माणसाला 'हो, मला मारावंसं वाटलं' असं का सांगेल? तो कागद कुणाच्या हाती जाईल, हे त्याला माहीत नाही. अशा ठिकाणी आलेला पाचाजवळचा आकडा शांतता दाखवत नाही, भीती दाखवतो. वाळीत टाकलेल्या घराचं तर आणखी वेगळं. त्याच गावातली आशाताई त्या घराची पायरी चढू शकते का, हाच पहिला प्रश्न.

गणित काय तपासतं

इतकं सगळं केल्यावर आकडेशास्त्राची पाळी येते. त्याचा बाऊ करायचं कारण नाही. ते मुख्यतः तीन गोष्टी पाहतं. पहिली: पाचही प्रश्न एकाच दिशेने बोलतात का? चार प्रश्नांना जास्त गुण देणारे लोक पाचव्याला मात्र भलतेच गुण देत असतील, तर तो पाचवा प्रश्न इथे दुसरंच काही विचारतो आहे. दुसरी: परिस्थिती बदललेली नसताना दोन आठवड्यांनी पुन्हा विचारलं तर उत्तर साधारण तेच येतं का? तिसरी आणि सगळ्यात कमी समजली जाणारी: दोन वेगळ्या समाजांत सारख्याच रागाला सारखेच गुण पडतात का?

ही तिसरी गोष्ट मासळीबाजारात लगेच कळेल. आपल्याकडे मासे वाट्यावर विकतात. एका बंदरावरचा वाटा मोठा असतो, दुसऱ्यावरचा लहान. 'इथे दहा वाटे खपले आणि तिथे वीस' एवढंच ऐकून कुठे जास्त मासळी खपली हे सांगता येत नाही. दोन्हीकडचा वाटा तोलून पाहिल्याशिवाय तुलना फसवी असते. रागाच्या गुणांचंही असंच आहे. एका समाजात 'नेहमी' म्हणायला लोक कचरतात, दुसऱ्यात सहज म्हणतात. एका ठिकाणी 'मारावंसं वाटलं' हे बायका आपल्या पोरांबद्दल हसत कबूल करतात, दुसरीकडे ते उच्चारणंही पाप. संशोधक तेवढाच राग असलेली माणसं दोन्हीकडून निवडून, एखादा प्रश्न त्यांना वेगळे गुण देतो आहे का हे तपासतात. देत असेल तर तो प्रश्न काढतात, बदलतात किंवा तुलनेतून वगळतात. हे न करता 'अमुक देशातले लोक तमुकांपेक्षा रागीट' अशी बातमी आली, तर ती बाजूला ठेवावी.

उरला तो १२चा उंबरठा. तो एका ठिकाणी तपासून ठरवलेला आहे, निसर्गाने आखून दिलेला नाही. नमुना म्हणून एक हिशेब करू. गावात १,००० प्रौढ आहेत आणि त्यातल्या १०० जणांना रागाचा खरोखर त्रास आहे असं धरू. प्रश्नावली चांगली आहे: त्रास असलेल्या १०० पैकी ८० जणांना ती पकडते, आणि त्रास नसलेल्या ९०० पैकी ७२० जणांना बरोबर सोडून देते. म्हणजे उरलेल्या १८० जणांवर ती चुकून खूण करते. एकूण २६० जणांवर खूण झाली, त्यातले खरे ८०. तीनातल्या दोघांहून जास्त माणसांना त्रास नसताना चिकटवलेली ही खूण आहे, आणि २० जण निसटले ते वेगळेच. गणितात चूक नाही. त्रास कमी लोकांना असतो तिथे असंच होतं. म्हणून अशी प्रश्नावली चाळणी म्हणून वापरायची असते. तिच्यातून पुढे आलेल्या माणसाशी कुणीतरी जाणत्याने निवांत बोलल्याशिवाय निदान करायचं नसतं. 'गावातले २६ टक्के लोक रागाचे रुग्ण' असा मथळा छापायचा तर मुळीच नसतो.

कशाचा राग?

माझी मुख्य तक्रार मात्र गणिताबद्दल नाही. डार-५ रागाची वारंवारता विचारते, जोर विचारते, मुक्काम विचारते. राग कशाचा, हे ती विचारत नाही. सैनिकाला उपचारानंतर बरं वाटतं का हे पाहायचं असेल तर ते ठीक आहे. ज्या गावाची जमीन जाते आहे, ज्या बंदरातली मासळी दुसराच कुणी उपसून नेतो आहे, ज्या घराचं पाणी गावकीने तोडलं आहे, तिथे हा प्रश्न गाळून चालत नाही. गाळला तर अन्यायावरचा न्याय्य राग अलगद आजाराच्या खात्यात जमा होतो. आंदोलक मनोरुग्ण ठरवणं सत्तेला केव्हाही सोयीचं असतं.

याची दुसरी बाजूही तितक्याच ठामपणे सांगायला हवी. राग न्याय्य आहे म्हणून तो निरुपद्रवी होत नाही. कंपनीवरचा, सरकारवरचा, भावावरचा रास्त राग रोज रात्री दारूच्या बाटलीतून बायकोवर निघत असेल, तर त्या बाईला 'त्याचा राग खरा आहे' हे सांगून काय उपयोग? तिमोरमधल्या अभ्यासांनी हे दोन्ही धागे एकाच वेळी हातात धरले, म्हणून ते मला मोलाचे वाटतात. त्यांनी राग मोजला, आणि त्याबरोबर छळ, गरिबी, घरातली हिंसा आणि न मिळालेला न्याय हेही विचारलं. मिलर आणि अँड्र्यू रासमुसेन यांनी २०१० मध्ये मांडलं ते याच अंगाने जाणारं आहे: युद्ध पाहिलेल्या माणसाचं आजचं दुखणं फक्त युद्धाने ठरत नाही, आज घरात पीठ आहे का, काम आहे का, डोक्यावर छप्पर आहे का, यानेही ठरतं.

म्हणून इथे कुणी असं सर्वेक्षण करणार असेल, तर पाच प्रश्नांनंतर सहावा मोकळा प्रश्न असावा: हा राग कशाचा आणि तो कमी व्हायला काय व्हायला हवं असं तुम्हाला वाटतं? उत्तर त्यांच्याच बोलीत उतरवून घ्यावं. आणि उत्तरं हाती येण्याआधी ती कुठे पोहोचवायची हे ठरलेलं असावं. आणीबाणीतल्या मानसिक आधाराबद्दल आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून २००७ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांचा एक आग्रह असा, की मदतीची सोय नसताना माणसाच्या जखमा उघडून बघू नयेत. कोकणाला हे फार लागू पडतं. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, पण दोडामार्गच्या किंवा मंडणगडच्या माणसाला तिथे जाणं म्हणजे रोज बुडवून एसटीचा प्रवास, आणि 'रत्नागिरीला नेलं' याची गावभर होणारी चर्चा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक २०२२पासून सुरू आहे आणि त्यावर मराठीत बोलता येतं. प्रश्न विचारणाऱ्याने तो निदान कागदावर लिहून हातात द्यावा, आणि फोन करायला आडोसा मिळेल का हेही विचारावं.

सहाव्या प्रश्नाच्या उत्तरांचे आपोआप दोन गठ्ठे पडतील. काही जण म्हणतील, झोप लागत नाही, हात उचलला जातो, मला थांबता येत नाही. त्यांच्यासाठी समुपदेशक, प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर, आणि मार खाणाऱ्या बाईसाठी कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली नेमलेला संरक्षण अधिकारी. काही जण म्हणतील, मोजणी नीट करा, नुकसानभरपाई द्या, आमच्या पाण्यातल्या बेकायदा बोटी पकडा, आमच्यावरचे खटले काढा. तो गठ्ठा भूमी अभिलेख, मत्स्यव्यवसाय खात्याकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे जायला हवा, नावं काढून, आकड्यांसकट. पुष्कळ माणसांची उत्तरं दोन्ही गठ्ठ्यांत असतील. अहवाल छापण्याआधी तो वाडीच्या बैठकीत वाचून दाखवावा, आणि लोकांनी 'असं नाही हे' म्हटलं तर ते त्यांच्याच शब्दांत त्यात लिहावं.